गाडीवर कापड की टिन?

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. घरातल्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपोआप साचतात. फेकायला गेलं की कोणीतरी म्हणतं, "राहू द्या ना, कामी येतीन!" आणि मग एक दिवस फळीवर जागाच उरत नाही. माझी फळी गेल्या उन्हाळ्यात भरली. काम काय होतं, तर चार गाड्यांवर सावली करायची. मला वाटलं, एका रविवारी उरकेल. अख्खा उन्हाळा गेला की बाप्पा! आता शाळेच्या स्टाफरूममध्ये मी तोंड उघडलं की लोक आधीच विचारतात, "सर, पुन्हा सावली?"

आमची कॉलनी रिसोडची. नाव शिक्षक कॉलनी, पण शिक्षक आता मी एकटाच उरलोय. शिकवतो भूगोल; उन्हाळ्यात शाळा सकाळची, त्यामुळे अकरापर्यंत मी घरी. समोरच्या घरात वानखडेभाऊ, एस.टी.तून रिटायर झालेले ड्रायव्हर, आणि त्यांच्या मंदावहिनी. उजवीकडे रेखाताई, अंगणवाड्यांच्या सुपरवायझर. कोपऱ्यावर पारसशेठ, त्यांचं बाजारात हार्डवेअरचं दुकान. चार घरांच्या मधे एक मोकळा प्लॉट, त्यात एक कडुनिंब आणि आमच्या चार गाड्या. आमच्याकडचं ऊन म्हणजे काय, ते इथे राहिलेल्याला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही.

आम्हा तिघांच्या गाड्या तापल्या तर आम्ही चिडायचो, एवढंच. वानखडेभाऊंचं तसं नव्हतं. मंदावहिनींचं डायलिसिस चालू आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, वाशीमला, दुपारचा नंबर. साडेबाराला घरून निघावंच लागतं, म्हणजे तोवर गाडी सकाळभर भाजलेली असते. त्यात भाऊंची गाडी सेकंडहँड आणि तिचा एसी आपल्या मर्जीचा. तो गार हवा द्यायला लागतो ते थेट अर्ध्या वाटेवरचं रिठद आल्यावर. रिसोड ते रिठद नुसती भट्टी.

"वयनी, कसा झाला प्रवास?" असं संध्याकाळी विचारलं की वहिनी म्हणायच्या, "रिठदपर्यंत भाजलं, मंग थंडं केलं. पापडासारखं!"

तर सावली खरी पाहिजे होती ती वहिनींना. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलून दाखवत नव्हतं. बोलून दाखवलं असतं तर वहिनींनी एकेकाला फैलावर घेतलं असतं.

*

सुरुवात माझ्यापासून झाली, हे कबूल करतो. प्लॉटमधल्या कडुनिंबाखाली एक गाडी मावते. पण सावली काही एका जागी बसत नाही, ती फिरते. मी भूगोलाचा माणूस. दोन रविवार खडूने जमिनीवर रेघा मारल्या, तासातासाची सावली मोजली आणि एक तक्ता केला. सकाळी नऊ ते अकरा रेखाताई, अकरा ते साडेबारा वानखडेभाऊ, मग पारसशेठ, शेवटी मी. लॅमिनेट करून झाडाला बांधला!

पहिला आठवडा तक्ता बिनबोभाट चालला. भाऊ तर घड्याळात पाहून गाडी सरकवायचे, जुनी सवय. दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी अकराला भाऊ गाडी घेऊन झाडाखाली आले, तर तिथे पलीकडच्या गल्लीतली म्हैस बसलेली. हॉर्न वाजवला. तिने कान हलवला. भाऊंनी खाली उतरून आधी गोडीत सांगितलं, मग शेपटी ओढून पाहिली. मी तक्ता सोडून आणला आणि का कोण जाणे, तिच्यासमोर धरला. त्या घाईत माणूस काय करेल सांगता येत नाही.

मंदावहिनी दारातून बघत होत्या.

"काहो सर," त्या म्हणाल्या, "हिले भूगोल नाई शिकवला काय?"

*

झाड म्हशीचं झालं आणि गाड्या पुन्हा उन्हात आल्या. वानखडेभाऊंची एक सवय होती. निघायच्या अर्धा तास आधी ते गाडीत जाऊन बसायचे. चारी दारं उघडी टाकून, एकटेच, खांद्यावरचा दुपट्टा बाटलीतल्या पाण्याने ओला करून. आणि बसायचे कुठे, तर डावीकडच्या सीटवर! जन्मभर स्टेअरिंग हातात धरलेला माणूस तिथे बसलेला पाहून मला राहवत नसे.

"काय भाऊ, रिटायर झाल्यावर कंडक्टर झाले काय?" मी ओरडायचो.

"हो ना. तिकीट काढा," भाऊ तिथूनच म्हणायचे आणि पुन्हा समोर बघत बसायचे.

दुसरी गंमत त्यांच्या पॅन्टची. साडेबाराला ते उठून ड्रायव्हरच्या बाजूला जायचे तेव्हा पॅन्ट मागून ओलीचिंब. एकदा पारसशेठनी हळूच विचारलं, "भाऊ, तब्येत गिब्येत बरी हाये ना?"

"घाम हाये," भाऊ म्हणाले.

"एका जागीच?"

"एस.टी.त असाच येत होता," भाऊ म्हणाले आणि विषय संपवला.

वहिनींना विचारावं तर त्या हात झटकायच्या. "यायच्या अंगातलं एस.टी.चं भूत उतरलं नाई अजून. अर्धा घंटा अगोदर डेपोत हजर!"

*

पारसशेठच्या गाडीत डॅशबोर्डवर एक प्लास्टिकचा कुत्रा होता, मुंडी हलवणारा. गाडी चालू झाली की तो हो-हो म्हणायचा. शेठना त्याचा फार लळा. दुकानातून फोनवर कोणी उधारी मागितली की शेठ नाही म्हणायचे आणि समोरचा कुत्रा हो म्हणायचा, असं ते स्वतःच सांगत.

मार्चात एका दुपारी ते गाडीत बसले, तर कुत्र्याची मान वाकून थेट पायांना टेकलेली. ऊन लागून प्लास्टिक मऊ झालं होतं. शेठनी मान वर केली, ती पुन्हा खाली गेली. गार पाण्यात बुडवून पाहिला. संध्याकाळी सगळ्यांना तो कुत्रा दाखवत ते म्हणाले, "पाहा! मुका जीव हाये, बोलू नाई शकला!"

त्याच संध्याकाळी मीटिंग ठरली. वहिनी एवढे दिवस भाजून निघत होत्या तेव्हा ठरली नाही, प्लास्टिकचा कुत्रा गेला तेव्हा ठरली. याची मला आजही लाज वाटते.

*

मीटिंग माझ्या ओट्यावर झाली. दोन पार्ट्या पडल्या. रेखाताई कापडाच्या. त्यांनी मोबाईलवर चित्रं आणली होती, तीन कोपऱ्यांचं ताणून बांधलेलं कापड, खाली चकचकीत गाड्या.

"टिन तापते," रेखाताई म्हणाल्या. "मी रोज टिनाच्या अंगनवाड्या पाह्यते. पोट्टे भुजून निंगतात खाली. कापडातून हवा खेळते."

"गारा पडल्यावर तुमचं कापड काय करन?" वानखडेभाऊ टिनाच्या बाजूचे. "उभी जिंदगी डेपोच्या टिनाखाली गेली माही. टिन म्हनजे टिन. एकदा ठोकलं की पाह्यनं नाई."

"भाऊ, त्याच टिनाखाली टक्कल पडलं तुमाले!"

"थे डोक्शाच्या टोपीनं पडलं!"

तासभर हेच. शेवटी सगळे पारसशेठकडे वळले. दुकानात टिनाचे पत्रेही त्यांच्याकडे आणि शेडनेटचं कापडही त्यांच्याकडे. त्यांनी सांगावं.

शेठनी डोळे मिटले. "टिनही चांगलं हाये. कापडही चांगलं हाये."

"पन दोन्हीत चांगलं कोनतं?"

"ज्याले जे पटन थे चांगलं."

वहिनी इतका वेळ पायरीवर बसून ऐकत होत्या. "शेठ, तुमच्या सोताच्या घरावर काय टाकलं हो तुमी?"

"स्लॅब!" शेठ बोलून गेले.

*

भांडण मिटेना म्हणून मी प्रयोग सुचवला. शेवटी विज्ञानाचं युग आहे. शेठनी दोन पत्रे आणि कापडाचा एक तुकडा दिला. प्लॉटमध्ये बांबू रोवून एका बाजूला टिन टाकलं, दुसऱ्या बाजूला कापड ताणलं. दोन्हीखाली एकेक प्लास्टिकची खुर्ची. टिनाखाली वानखडेभाऊ, कापडाखाली मी. प्रत्येकाच्या हातात शाळेच्या प्रयोगशाळेतला एक थर्मामीटर. नियम एकच, उकाडा सहन न होऊन जो आधी उठेल तो हरला. रेखाताई पंच.

वेळ सकाळी अकराची. दिवस मंगळवार, शाळेला सुट्टी होती. पहिली दहा मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघत होतो. भाऊंच्या कपाळावरून धारा, माझी बनियन अंगाला चिकटलेली. मी मनात म्हटलं, हा माणूस आता उठतो. तो काही उठेना. मग मी म्हटलं, डोळे मिटून घेतले तर ऊन कमी लागेल.

मला जाग आली ती वहिनींच्या आवाजाने. भाऊही दचकून उठले. म्हणजे दोघंही झोपलो होतो, मान टाकून, शेठच्या कुत्र्यासारखे! थर्मामीटर खाली पडून दोन्ही फुटलेले. पंच म्हणून बसलेल्या रेखाताई सावली पाहून आपल्या घरात जाऊन बसल्या होत्या.

वहिनी हातात फायलीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. "झाला काय प्रयोग? दोघंही पास झाले. उठा आता, वाशीमले जायाचं हाये!"

त्या दिवशी भाऊंना अर्धा तास आधी गाडीत बसायला मिळालं नाही. संध्याकाळी परत आल्यावर वहिनी कोणाशी बोलल्या नाहीत, सरळ आत जाऊन पडल्या. ऊन फार लागलं म्हणे. मी ओट्यावरून पाहत होतो आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. त्यानंतर मी कापड की टिन यावर भांडणं सोडून दिलं. काहीही चालेल, पण लवकर करा, एवढंच माझं म्हणणं उरलं.

*

लवकर होणारं म्हणजे कापड. रेखाताईंनी ऑनलाइन मागवलं. आकाशी रंगाचं, तीन कोपऱ्यांचं, कोपऱ्यांना पितळी कड्या. एक कोपरा कडुनिंबाला, दुसरा विजेच्या नव्हे, आमच्या स्वतःच्या लोखंडी खांबाला आणि तिसरा पाण्याच्या टाकीच्या स्टँडला. काय दिसत होतं! वानखडेभाऊसुद्धा खाली उभे राहून वर बघत म्हणाले, "दिसाले बरं हाये." रेखाताईंनी तेवढ्यावर सगळ्या गल्लीला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी वानरं आली.

आमच्याकडे वानरांची टोळी रोज अकराच्या सुमारास गल्लीतून जाते. गच्च्यांवरून, टाक्यांवरून, कोणाच्या वाळवणावर हात मारत. त्या दिवशी पहिलं वानर कडुनिंबावरून सहज कापडावर उतरलं. कापड खाली दबलं आणि वर आलं. वानर थांबलं. त्याने पुन्हा एक उडी मारून पाहिली, मुद्दाम. मग मागे वळून टोळीला काय सांगितलं देव जाणे, दहाएक मिनिटांत अख्खं खटलं वर! मोठी वानरं उड्या मारताहेत, एक आई पिल्लाला पोटाशी धरून मधल्या खोलगट जागी पाय पसरून पडलीय, वरून कडुनिंबाचा वारा.

रेखाताई काठी आपटत होत्या. भाऊ फटाके आणायला धावले. फटाका वाजला तेव्हा आईने फक्त कूस बदलली.

पारसशेठ कितीतरी वेळ वर बघत उभे होते. "ताई," ते म्हणाले, "मले एक असंच घरी पाह्यजे."

*

वानरांनी कापडाला काही केलं नाही, हे खरं. त्यांना ते आवडलंच होतं. कापड नेलं वावधनाने. एप्रिलात एका गुरुवारी चारच्या सुमारास आभाळ काळं झालं, मातीचा लोट उठला आणि आमच्या डोळ्यांदेखत टाकीकडची दोरी तुटली. मग खांबाकडची. कापड एकदा फडफडलं आणि कडुनिंबाच्या फांदीसकट उडून गेलं.

वादळ थांबल्यावर मी, भाऊ आणि पारसशेठ शोधायला निघालो. तिसऱ्या गल्लीत एका घरी लग्न होतं. मांडवाच्या मागे आचाऱ्याच्या चुली पेटलेल्या आणि त्या चुलींवर तिन्ही कोपऱ्यांनी बांबूंना बांधलेलं, आकाशी रंगाचं, पितळी कड्यांचं आमचं कापड! त्यांचं स्वतःचं छत वादळात फाटलं होतं आणि हे वरून आयतं आलं.

आचारी झाऱ्याने बुंदी पाडत होता. आम्ही वर बघतोय हे पाहून म्हणाला, "लय चांगली सावली हाये भाऊ हे. हवा खेळते खालून!"

भाऊंनी घसा साफ केला. कापड आमचं आहे असं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात नवरीचे वडील धावत आले. त्यांना वाटलं आम्ही वऱ्हाडी. हात धरून पंगतीत बसवलं. आता बसवलेल्या पंगतीतून उठून कापड मागायचं कसं? वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. शेठ कांदा-लसूण खात नाहीत, तर त्यांच्यासाठी वेगळा वरणभात करवला. एवढ्या प्रेमाने वाढल्यावर शेवटी शेठनी नवरीच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, कापड राहू द्या, पोरीचं लग्न सुखाने होऊ द्या.

आम्ही कॉलनीत शिरलो तेव्हा वहिनी ओट्यावर वाट बघत होत्या. तिघांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग आमच्या तोंडांकडे.

"कापड आनाले गेले होते ना?" वहिनी म्हणाल्या. "अन् ढेकर देत आले!"

आम्ही हसलो, वहिनीही हसल्या. पण दुसरा दिवस शुक्रवारचा होता आणि साडेबाराला गाडी पुन्हा उघड्यावर उभी होती. डावीकडच्या सीटवर भाऊ.

*

मग सलीमभाईंना बोलावलं. सलीमभाई वेल्डर, सोयाबीन मार्केटकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान. त्यांनी टेप लावून मापं घेतली आणि विचारलं, "टिन करायचं की कापड?"

विचारायला नको होतं! रेखाताईंनी टिन तापतं म्हटलं, भाऊंनी कापड उडतं म्हटलं, मी घाई करा म्हटलं, शेठनी दोन्ही चांगलं म्हटलं. सलीमभाई टेप गळ्यात टाकून अर्धा तास ऐकत राहिले. माणूस धीराचा. शेवटी त्यांनी पायरीवर बसलेल्या वहिनींकडे बघितलं.

"भाभी, आप बोलो. क्या करना?"

वहिनी मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ब्लाऊजले अस्तर लावतात ना? तसं टिनाले खालून कापडाचं अस्तर लावा. वर टिन राह्यलं तं कापड उडत नाई अन् वानरं बसत नाई. खाली कापड राह्यलं तं टिनाची झळ येत नाई. मधात हातभर जागा ठेवजा, हवा खेळाले."

सलीमभाईंनी हवेत हात फिरवून हिशेब केला आणि कपाळाला हात लावला. "भाभी! ये दो महिने पहले क्यूं नहीं बताया?"

"मले कोनं इचारलं?" वहिनी म्हणाल्या आणि मेथीची जुडी संपवली.

*

शेड चार दिवसांत उभं राहिलं. सहा खांब, वर टिन, हातभर खाली हिरवं कापड ताणून बसवलेलं. खाली दगडाची चुरी टाकून जमीन सपाट केली. आणि इथे आम्ही एक गोष्ट विसरलो. आपल्या भागात चार खांबांवर टिन पडलं की ते तुमचं एकट्याचं राहत नाही. एकाने नातवाच्या बारशाचं विचारलं. दुसऱ्याने तेरवीची पंगत बसेल का, म्हणून पावलांनी लांबी मोजली. त्यांना कसंबसं टाळलं, पण रेखाताईंच्या भावाला कसं टाळणार?

रेखाताईंचा भाऊ रिठदचा. त्याची हळद शिजवून वाळत घातलेली आणि आभाळ भरून आलं. तो थेट ट्रॉलीच घेऊन आला.

"ताई, दोन दिवसाची गोठ हाये. पानी गेलं की घेऊन जातो."

आमच्या गाड्या बाहेर, हळद आत! वानखडेभाऊंनी स्वतःच गाडी बाहेर काढून जागा दिली. कोणाचं वर्षभराचं पीक भिजतंय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? दोन दिवसांचे नऊ झाले. रोज वारा सुटायचा आणि हळदीची भुकटी उडायची. वानखडेभाऊंची गाडी पांढरी. बॉनेट पिवळं, काचा पिवळ्या, वायपर फिरवला तर आणखी पिवळं. मंगळवारी तशीच वाशीमला गेली.

दवाखान्यातल्या नर्सने म्हणे विचारलं, "काकू, कोणाचं लग्न आहे?"

वहिनी म्हणाल्या, "या गाडीचंच हाये. लगन लागलं की सासरी धाडतो अन् एसीवाली आनतो!"

*

हळद गेली. आम्ही सगळ्यांनी मिळून शेड झाडलं. त्यानंतरचा मंगळवार हा पहिला खरा मंगळवार. सकाळी आठपासून भाऊंची गाडी धुऊन पुसून शेडच्या मधोमध उभी. मी रजा टाकली होती. सलीमभाई दुकान बंद करून आले. पारसशेठनी नारळ आणला. रेखाताईंनी शेडच्या खांबाला आंब्याच्या पानांचा टाळा बांधला.

भाऊ त्या दिवशी अर्धा तास आधी आले नाहीत. गाडी सावलीत असल्यावर कशाला येतील? बाराला मी नवा थर्मामीटर गाडीत ठेवून पाहिला. उन्हाळाभर पारा एवढा खाली मी पाहिला नव्हता. रेखाताईंनी डावीकडच्या सीटवर तळवा टेकवला आणि ओरडल्या, "थंडीगार हाये वो!" सलीमभाईंनी आकाशाकडे बघून दोन्ही हात उचलले.

साडेबाराला भाऊ आले. इस्त्रीची पॅन्ट, कोरडी ठणठणीत, खांद्यावर दुपट्टा, हातात पाण्याची बाटली. ऐटीत स्टेअरिंगवर बसले, गाडी चालू केली. शेठनी नारळ फोडला. मग वहिनी आल्या, हळूहळू, फायलीची पिशवी धरून. सीटवर बसल्या. दार लावलं नाही.

आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"काहो," वहिनी भाऊंना म्हणाल्या, "आज सीट गरम लागून राह्यली."

सलीमभाईंनी गाडीच्या टपावर हात ठेवून पाहिला. मी वाकून थर्मामीटर पुढे केला, "वयनी, हे पाहा ना, पारा किती खाली हाये."

वहिनींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुमचा पारा काही म्हनो सर. मले गरम लागून राह्यली."

भाऊंनी एकदा वहिनींकडे पाहिलं. मग त्यांनी गाडी बंद केली, उतरले आणि समोरून फिरून डाव्या बाजूला आले.

"उतर जराशी," ते म्हणाले.

वहिनी उतरल्या आणि दार धरून उभ्या राहिल्या. भाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं, पिळला, सीटवर नीट पसरला आणि इस्त्रीच्या पॅन्टसकट त्यावर बसले. समोर काचेतून बघत. रेखाताई खांबाचा टाळा उगीच सारखा करत होत्या. कंडक्टर म्हणून मी हाक मारली नाही.

पाचेक मिनिटांनी भाऊ उठायला लागले. वहिनींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना पुन्हा खाली बसवलं.

"बसा अजून जरासे," वहिनी म्हणाल्या. "रिठद लय दूर हाये."